पाच सुरवंट, एकच इयत्ता

मी पाच सुरवंटांना मोठं होऊ दिलं नाही. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या खालच्या मजल्यावरच्या परबकाकांना तर नाहीच नाही.

माझं वय पंचावन्न. नोकरी अंधेरीला, एका विमा कंपनीत. काम काय, तर लोकांनी दाव्याच्या अर्जात काय काय लपवलंय ते शोधून काढायचं. (आत्ताच हसू नका. पुढे हसायला भरपूर जागा आहे.)

प्रकरण सुरू झालं मिक्सरपासून. गेल्या वर्षीची गोष्ट, गणपती नुकतेच गेले होते. मुलुंडच्या आमच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, बायको चटणी वाटत होती. मिक्सर घरघरला आणि त्याच्या बुडाच्या जाळीतून एक झुरळ बाहेर आलं. मग दुसरं. मग ज्याला सहकुटुंब सहपरिवार म्हणतात तसं सगळं खानदान! वैशालीने मिक्सर चालू ठेवूनच हॉलमध्ये धाव घेतली.

"अहो, आजच्या आज काहीतरी करा. नाहीतर मी त्या मिक्सरला हात लावणार नाही."

"आज फवारा मारून टाकतो," मी म्हणालो.

"फवारा नाही!" हा आवाज बाल्कनीतून आला. तो आईचा.

आईबद्दल सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाली तेव्हा शाळा सुटली, पण वर्ग सुटला नाही. बाल्कनीत एका निळ्या पिंपात तिचा कढीपत्ता आहे, ग्रिलला टेकेल एवढा उंच. दरवर्षी गणपतीनंतर त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. काळं फुलपाखरू, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. अंड्यातून सुरवंट निघाले की आईचं नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं. ती रोज सकाळी चष्मा लावून पानं तपासते आणि एका जुन्या शाळेच्या वहीत त्यांची हजेरी मांडते. क्रमांक एक, हजर. क्रमांक दोन, हजर. सुरवंट कोषात गेला की त्याच्यापुढे लाल पेनने 'वरच्या वर्गात'. फुलपाखरू उडालं की 'उत्तीर्ण'.

"माझा वर्ग भरायचाय," आई म्हणाली. "या घरात मारायचं औषध येणार नाही. शिवाय यंदा सुमनला पंचाहत्तर पूर्ण होतायत. तिच्या वाढदिवसाला मी तिच्या हाताने फुलपाखरं सोडणार आहे. शब्द दिलाय."

सुमनताई म्हणजे समोरच्या विंगमधल्या, आईची शाळेपासूनची मैत्रीण. वाढदिवसाला जेमतेम पाच आठवडे होते. म्हणजे इकडे बायकोचा मिक्सर, तिकडे आईचा शब्द, आणि मध्ये मी. मी ठरवलं, झुरळं घालवायची आणि एकही सुरवंट दुखवायचा नाही. असला निश्चय मी आयुष्यात दोनदाच केलाय. पहिल्यांदा लग्नाआधी सिगरेट सोडताना. (तीही नंतर मी पेस्ट कंट्रोलवाल्याबरोबरच ओढली, पण तो विषय वेगळा.)

पेस्ट कंट्रोलवाला दिलीप. सडपातळ, पाठीवर पंप, बोलणं एकदम ठाम.

"साहेब, तुमचा प्रॉब्लेम समजला. तुम्हाला आयजीआर पायजे."

"म्हणजे?"

"ग्रोथ रेग्युलेटर. याने झुरळ मरत नाही."

"मग उपयोग काय?" वैशालीने विचारलं.

"मॅडम, ऐका तर. झुरळाच्या पिल्लाच्या अंगात एक रस असतो, लहानपणीचा. तो आटला की पिल्लाला कळतं, चला, आता मोठं व्हायचं. आपण काय करतो, तोच रस बाहेरून देत राहतो. त्याला वाटतं, मी अजून बाळच आहे! मग पंख धड फुटत नाहीत, पोरं होत नाहीत. वंश बंद."

"आणि मोठी झुरळं?"

"त्यांना जेल लावतो ना. मोठ्यांना जेल, छोट्यांना हे. फक्त दोन-तीन महिने धीर धरा. वाकड्या पंखांचं झुरळ दिसलं की समजायचं, औषध लागलं."

मला हे फार आवडलं. आई तेव्हा सुमनताईंकडे गेली होती. ती आल्यावर मी सांगितलं, "आई, या औषधाने काहीही मरत नाही. स्वतः दिलीपने सांगितलंय."

"काहीही?"

"काहीही!"

"मग चालेल," आई म्हणाली.

ऑफिसात असा अर्ज माझ्यासमोर आला असता तर मी त्यावर 'माहिती अपूर्ण' असा शिक्का मारून परत पाठवला असता. घरी मात्र मला वाटलं, मी किती शिताफीने मार्ग काढला!

दिलीपने ओट्याखाली, फ्रिजमागे, सिंकच्या पाइपाभोवती फवारलं. काम संपलं तेव्हा त्याच्या भांड्यात मगभर औषध उरलं.

"साहेब, हे उरलं. काय करू?"

आणि इथे आमच्या घराण्याचा स्वभाव आडवा आला. आमच्याकडे उरलेलं टाकत नाहीत. भात उरला की सकाळी फोडणीचा भात. पोळ्या उरल्या की कुस्करा. वरण उरलं की त्याच्यात कणीक भिजवून पराठे. साखरपुड्याचे पेढे उरले तेव्हा आईने त्यांची खीर केली होती. मी त्याच आईचा मुलगा. मगभर औषध वाया जाताना मी कसं बघणार?

"बाटलीत भरून द्या," मी म्हणालो. गुलाबपाण्याची फवाऱ्याची रिकामी बाटली होतीच. (तीही टाकलेली नव्हती.)

दिलीप बूट घालता घालता म्हणाला, "झाडांवर नका मारू हां साहेब." मी "हो, हो" म्हणालो. नवरे बायकोचा बाजाराचा निरोप ऐकताना जे "हो, हो" म्हणतात, ते.

कारण कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मला पांढरी कीड दिसली होती. कापसासारखी, चिकट. आईला तेवढ्या उंचावरची दिसत नव्हती. म्हटलं, औषध मारणारं नाही, आईने परवानगी दिलीय, झाडाचंही भलं होईल आणि उरलेलंही सत्कारणी लागेल! मी एकेक पान उलटं करून फवारलं. काही पानांवर चिमणीची वाळकी घाण पडली होती, काळपट-पांढरी. ती धुऊन जावी म्हणून तिथे दोन फवारे जास्त मारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. आई बाल्कनीतून ओरडली, "अरविंद! पाच! यंदा पाच आलेत!"

"पाच काय?"

"विद्यार्थी! ये, बघ. लहानपणी हे अगदी पक्ष्याच्या घाणीसारखे दिसतात. म्हणजे कोणी खाऊ नये म्हणून. कसली हुशारी आहे बघ!"

मी बघितलं. चिमणीची घाण हळूहळू चालत होती.

त्या दिवशी ऑफिसला पोचायच्या आधी स्टेशनच्या जिन्यावरूनच दिलीपला फोन लावला.

"दिलीप, समजा, चुकून, एखाद्याने ते झाडावर मारलं. आणि समजा, त्यावर सुरवंट असले."

"मारलं का साहेब?"

"समजा म्हटलं ना!"

"टेन्शन नका घेऊ. मरणार नाहीत."

"हुश्श."

"फक्त मोठे होणार नाहीत." पलीकडे तो बहुतेक हसत होता. "आणि त्या झाडाचा पाला जेवणात नका घालू हां. रिस्क कशाला."

मी घड्याळात पाहिलं. आमच्याकडे आमटीला फोडणी पडायची वेळ! मी तसाच उलटा फिरलो, रिक्षा केली, तीन मजले धावत चढलो आणि स्वयंपाकघरात शिरलो. वैशालीच्या हातात कढीपत्त्याची डहाळी, कढईत मोहरी तडतडतेय.

"थांब!" मी ओरडलो. "मला कढीपत्ता बंद केलाय."

"कोणी?"

"डॉक्टरने."

"कोणत्या डॉक्टरने?"

"ऑफिसच्या."

"तुम्ही ऑफिसला पोचलात कधी?"

"फोनवर," मी म्हणालो. "ॲसिडिटी."

आई दारात येऊन उभी राहिली. "चोपन्न वर्षं कढीपत्ता खाऊन वाढलास, आता ॲसिडिटी? बरं, तुला नको तर बाजूला काढून ठेव. आम्ही खाऊ."

"घरात सगळ्यांनीच बंद करायला सांगितलंय," मी म्हणालो. "आनुवंशिक असतं ते."

"वैशाली माझ्या वंशातली कधी झाली?" आईने विचारलं. विज्ञानाच्या शिक्षिकेच्या घरात खोटं बोलायचं तर थोडा अभ्यास करून बोलावं, हे मला त्या क्षणी कळलं. पण मी कढईसमोरून हललो नाही. शेवटी फोडणी नुसत्या मोहरीची पडली.

एवढ्यात आई म्हणाली, "परबांना मात्र सकाळीच दिला हो. त्यांच्याकडे आज कढी आहे."

परबकाका म्हणजे आमच्या खालच्या घरातले. मूळचे मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते, स्वतः काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. वीस वर्षं आमच्याकडून त्यांना कढीपत्ता जातो आणि त्यांच्याकडून आईला आगळ आणि कोकमं येतात. मी सोळा पायऱ्या चार उड्यांत उतरलो.

"ये रे अरविंदा. काय पळत इलंस?"

"काका, कढीपत्ता कुठाय?"

"ह्यो काय. बाईंनीच दिल्यानी माका." ते फोडणीची पळी हातात घेऊन उभे.

मी डहाळी उचलली, खिशात कोंबली आणि म्हणालो, "आईला परत हवाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत दिलेला कढीपत्ता कोणी परत मागितला नव्हता. "घेवन जा बाबा," ते हळूच म्हणाले. माझ्या लक्षात आलं, त्यांना लागलंय. पण कढी वाचली, असं म्हणून मी वर आलो.

मग सुरू झाला माझा वनवास. पहाटे उठून कढीपत्ता झाडावरच बादल्या ओतून धुवायचा. बाजारातून जुड्या आणायच्या, मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, आणि आई उठायच्या आत त्या डहाळ्या झाडाला दोऱ्याने बांधायच्या, म्हणजे सुरवंटांना बिनऔषधी पान मिळेल. एकदा वैशालीने पकडलं.

"अहो, तुम्ही कढीपत्त्याच्या झाडाला कढीपत्ता बांधताय?"

"त्याची वाढ कमी झालीय."

तिने माझ्या हातातला दोरा काढून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही रजा घ्या दोन दिवस."

सुरवंट मात्र खुशीत होते. पंधरा दिवसांत त्यांनी कोषात जायला हवं होतं. पंधराचे अठरा झाले, अठराचे बावीस. ते हिरवेगार, गलेलठ्ठ झाले, पुन्हा एकदा कात टाकली आणि पुन्हा खायला लागले! हात लावला की डोक्यातून केशरी शिंगं बाहेर काढायचे आणि कुजक्या संत्र्यासारखा वास सोडायचे. झाड निष्पर्ण झालं. रोज संध्याकाळी मी दोन-दोन जुड्या आणत होतो. भाजीवाली एक दिवस म्हणाली, "साहेब, घरी लग्न आहे काय?"

आणि आईच्या वहीत रोज तेच. क्रमांक एक, हजर. क्रमांक दोन, हजर. 'वरच्या वर्गात' हा शेरा कोणापुढेच नाही.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी आई वही मिटून बसली होती. वाढदिवसाला बारा दिवस उरले होते. आज ना उद्या कोषात गेले, तरच त्या रविवारपर्यंत फुलपाखरं निघणार होती.

"अरविंद, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "दिवस मोजायला चुकले असेन. किंवा पानं बघायला. आजकाल लक्षात राहत नाही रे काही. इतकी वर्षं शिकवलं, माझ्या वर्गातलं कोणी एकाच इयत्तेत असं अडकलं नव्हतं."

आईला मी रागावलेली पाहिलीय, रडलेली पाहिलीय. स्वतःवरचा भरवसा गेलेली कधी पाहिली नव्हती. सांगायचं तर तीच वेळ होती. तोंड उघडलंही. त्याच वेळी खालच्या बाल्कनीतून धुपाचा वास आला. परबकाका रोज दिवेलागणीला काकूंच्या फोटोपुढे धूप घालायचे. आणि माझ्या उघड्या तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"आई, धुराने झालं नसेल ना हे?"

बस्स. एवढंच. एक प्रश्नचिन्ह. त्याच्याआड मी अजून लपलोय.

आईने वर पाहिलं. चेहऱ्यावर रंग आला. "धूर! बरोबर! सुरवंट अंगावरच्या भोकांनी श्वास घेतात. मला कसं सुचलं नाही?" आणि तिने पदर खोचला.

आई खाली गेली, बोलली, वर आली. ती भांडली नाही. शिक्षक पालकांना बोलावून जसं समजावतात तसं समजावलं असणार. दुसऱ्या दिवशी काका जिन्यात भेटले.

"माझो धूर तेंका लागलो काय रे? माका काय म्हायत! आवशीक सांग, आता नाय लागूचो."

"अहो काका, तसं नाही..." मी म्हणालो.

"मगे कसा?"

"म्हणजे, तसंच," मी म्हणालो, आणि स्टेशनकडे सुटलो.

त्या संध्याकाळपासून काकांनी घरात धूप घालणं बंद केलं. ते धुपाटणं घेऊन जिन्यात बसायला लागले. जिन्यात धूर होतो म्हणून सेक्रेटरींनी त्यांना नोटीस दिली. मग ते धुपाटणं घेऊन गच्चीवर जायला लागले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. काकांचा उजवा गुडघा धड नाही. एका हातात धुपाटणं, दुसऱ्या हातात काकूंचा फोटो, कारण फोटोशिवाय धूप कोणापुढे घालणार? रोज दिवेलागणीला त्यांची पावलं आमच्या दारावरून वर जायची. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो.

आता तर माघार नव्हती. मी ठरवलं, काहीही झालं तरी आईला फुलपाखरं मिळाली पाहिजेत. ती उडाली की आई खूश, मग मी आईला कबूल करणार, मग काकांना. सगळा क्रम मनाशी पक्का केला. त्या शनिवार-रविवारी मी मुलुंड ते बोरिवलीपर्यंतच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. नर्सरीत जाऊन "कीड लागलेलं झाड आहे का?" असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. बहुतेकांनी मला तपासणीला आलेला सरकारी माणूस समजून हाकललं. शेवटी दहिसरला, नदीच्या कडेच्या एका नर्सरीत, लिंबाच्या रोपावर दोन कोष सापडले. खरेखुरे, हिरवे, दोऱ्याने फांदीला टेकलेले! मी ते रोप कडेवर घेऊन घरी आलो.

आईने चष्मा लावून बघितलं. "हे आपले नाहीत."

"नाहीत."

"नवीन प्रवेश," आई म्हणाली. वही उघडली. क्रमांक सहा, क्रमांक सात. "आयते वरच्या वर्गात आलेत. कुठून आणलेस?"

"ऑफिसच्या आवारात होतं." (कंपनीचं ऑफिस सातव्या मजल्यावर आहे. तिथे आवार म्हणजे पाणी प्यायचं मशीन.)

त्याच आठवड्यात जुने पाच गेले. एकेक करून फांदीवरून खाली आले. एकाने शेवटी कोष करायचा प्रयत्न केला होता. तो पुढून सुरवंट होता आणि मागून कोष. आईने पाचही पिंपातल्या मातीत पुरले आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही, मी विचारलं नाही.

वाढदिवसाचा रविवार उजाडला. संध्याकाळी सुमनताई जरीची साडी नेसून आल्या. सोबत ज्येष्ठ महिला मंडळाच्या नऊ जणी. टेबलावर केक, खांडवी, आणि मधोमध जेवण झाकायच्या जाळीखाली लिंबाचं रोप. कोष सकाळपासून काळे पडले होते.

"काळा पडला म्हणजे आतून पंख दिसायला लागले," आईने सगळ्यांना समजावलं. "आता केव्हाही." ती महिनाभरात पहिल्यांदा पूर्वीसारखी बोलत होती. मी केक कापायची सुरी हातात घेऊन भिंतीला टेकलो आणि मनात म्हणालो, अरविंद, सुटलास.

जाळीच्या आत काहीतरी हललं.

"आलं, आलं!" आई म्हणाली. "सुमन, उचल जाळी!"

सुमनताईंनी डोळे मिटून, हात जोडून, मग जाळी उचलली. कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. त्यातून एक बारीक, चकचकीत माशी बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी. मग ज्याला सहकुटुंब सहपरिवार म्हणतात तसं सगळं खानदान! तीसएक तरी असतील. त्या केकवर बसल्या, खांडवीवर बसल्या, सुमनताईंच्या गजऱ्यात शिरल्या.

"अगं," सुमनताई म्हणाल्या, "ही फारच लहान जातीची आहेत का?"

"परोपजीवी!" आई गरजली. "कोषाच्या आत अंडी घालतात. आतलं सगळं खाऊन बाहेर येतात. बघून घ्या सगळ्यांनी, पुस्तकात असं दिसत नाही!"

पण बघायला कोणी जागेवर नव्हतं. दोघी सोफ्यावर चढल्या होत्या. एक स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून दुप्पट वेगाने किंचाळत परत आली, कारण ओट्यावर तिला झुरळ दिसलं होतं. (वाकड्या पंखांचं! औषध लागलं होतं!) वैशाली माझ्याकडे बघत होती. "ऑफिसचं आवार का?" ती म्हणाली.

आणि नेमकी तेव्हाच जिन्यावरून पावलं आली. एक पाऊल, थांबा. परबकाका गच्चीवर निघाले होते. उघड्या दारातून त्यांनी आतला हलकल्लोळ पाहिला. एका हातात धुपाटणं, दुसऱ्या हातात काकू. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बाई," त्यांनी विचारलं, "येव काय? धूर चलात?"

"या, या!" आई म्हणाली.

काकांनी काकूंचा फोटो माझ्या हातात दिला, धुपाटण्यात चिमूटभर धूप टाकला आणि टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाच मिनिटांत एक माशी राहिली नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुमनताईंनी त्यांना केकचा पहिला तुकडा दिला. आणि मग आईने, अत्यंत न्यायाने, सगळ्यांसमोर निष्कर्ष मांडला.

"बघा परब, एवढ्याशा धुराने या माश्या गेल्या की नाही? म्हणजे माझ्या सुरवंटांचं काय झालं असेल, ते सिद्धच झालं."

काकांनी हातातला केक खाली ठेवला. "व्हय बाई," ते म्हणाले. "माझीच चुकी."

मी तिथेच उभा होतो. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात काकू. फोटोतल्या काकू माझ्याकडे बघत होत्या. बारा बायका, एक निरपराध माणूस, आणि बोलायला एवढी शांतता की पंख्याचा आवाज यावा. मी बोललो. मी म्हणालो, "काका, खांडवी घ्या ना."

याला आता वर्ष होत आलं. स्वयंपाकघरात झुरळ उरलेलं नाही. दिलीपचं औषध अगदी सांगितल्यासारखं निघालं. शेवटचं झुरळ मला एका सकाळी सिंकपाशी भेटलं. पंख चुरगळलेले, अंगाने मोठं आणि वागण्यात बाळ. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो. आधी तेच लाजून निघून गेलं.

हे मी आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लिहितोय. आई तो लाल पेन घेऊन वाचते, तेव्हा आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारेल आणि मग बोलेल. परबकाका तो वाचत नाहीत, त्यांना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही. म्हणजे छापून माझी सुटका नाही. त्यांना तोंडीच सांगावं लागणार. अजूनही ते रोज दिवेलागणीला गच्चीवर चढतात. मी रोज सकाळी त्यांच्या दारावरून उतरताना बूट हातात घेतो.

तर माझ्याकडून येणं आहे ते असं. आईला पाच फुलपाखरं. यंदा नवा कढीपत्ता लावलाय, त्यावर आजपर्यंत पाण्याशिवाय काही पडलेलं नाही. आणि परबकाकांना एक वाक्य: "काका, औषध मी मारलं होतं." वाक्यात शब्द पाच, मधल्या पायऱ्या सोळा, देणाऱ्याचं वय आता पंचावन्न. वाक्य अजून दिलेलं नाही.